रस्त्यापलीकडचं विरजण

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळतं, मग चहा आणि मग विरजणाची गोष्ट. पाणी-चहा मी देते, गोष्ट मामाजी देतात. मामाजी म्हणजे माझे सासरे, वासुदेवराव. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं, तेव्हा लोकांनी ट्रॅक्टरवर पलंग, छपराची कवेलू, दारं, चौकटी असं हाताला लागेल ते लादलं. मामाजींनी दह्याचं गाडगं मांडीवर घेतलं आणि नवं गाव येईपर्यंत ते कोणाच्या हातात दिलं नाही. "माह्या आजीच्या हातचं इरजन आहे हे," ते पाहुण्याला सांगतात. "गाव बुडलं, पन इरजन नाही बुडू देलं." पाहुणा मान हलवतो. न हलवून सांगतो कोणाला, चहा अजून अर्धा उरलेला असतो.

दही चांगलं लागतं, हे मात्र मी मान्य करते. घट्ट बसतं, आंबटपणा बेताचा असतो. मामाजींचं जेवण दही-भाताशिवाय संपत नाही. आमच्या ओळीत कोणाचं विरजण बिघडलं तर तो वाटी घेऊन आमच्याकडेच येतो, आणि माझी सासू रुखमिणी, म्हणजे आत्याबाई, त्याला चमचाभर देतात. फक्त दिवसा. दिवे लागल्यावर आमच्यात विरजण देत नाहीत, घरातली बरकत जाते म्हणे. मला काही हे पटत नाही, पण सासरी पटतं की नाही हे कोणी विचारत नाही.

नव्या गावाच्या मधोमध डांबरी रस्ता आहे. इकडे आमची कुणब्यांची घरं, तिकडे बौद्धांची. जुन्या गावात दोन वस्त्यांच्या मधे बोडी होती, लहानसं तळं. सरकारनं प्लॉट पाडताना दोन्ही वस्त्या जशाच्या तशा उचलून इथे आणून ठेवल्या, बोडीच्या जागी तेवढा रस्ता आला. तसं गाव एकोप्याचं आहे. भाताच्या रोवण्याला दोन्हीकडच्या बायका एकाच बांधीत उतरतात, पोरं एकाच शाळेत जातात, लाखांदूरच्या बसला पलीकडचा प्रफुल्ल कंडक्टर आहे आणि त्याच्याकडून सुटे पैसे सगळेच घेतात. पण चुलीजवळची वस्तू रस्ता ओलांडत नाही. निदान गावाची तशी समजूत होती.

जानेवारीत विद्यापीठातून दोघं जण आले. एक रुचिका मॅडम, त्या दह्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करतात. दुसरे समाजशास्त्राचे सर, ते माणसांचा करतात. धरणामुळे उठलेल्या गावांत लोकांचे एकमेकांशी संबंध कसे राहिले, हे त्यांना दोन बाजूंनी पाहायचं होतं. सर प्रश्न विचारणार आणि मॅडम दही नेणार. हे ऐकून मामाजींनी स्वतः गाडगं बाहेर आणलं आणि आजीपासून सुरुवात केली. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं, एका छोट्या नळीत चमचाभर दही भरलं आणि नळी थर्माकोलच्या बर्फाच्या डब्यात ठेवली.

सरांनी विचारलं, "विरजण कोणाकडून आणता?"

"आनत नाही. देतो," मामाजी म्हणाले.

"रस्त्यापलीकडे देता?"

"त्यांचं त्यांच्याकडे, आमचं आमच्याकडे. भांडन काही नाही, पन रीत आहे न जी."

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या सहसा परक्यांपुढे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "मॅडम, दह्यातून काय काय समजते जी?"

"खूप काही," मॅडम हसून म्हणाल्या. "दह्यातले जिवाणू विरजणाबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात जातात. त्यांची जनुकं वाचली की कोणतं दही कोणत्या दह्याच्या नात्यातलं, ते कळतं. माणसाचं गोत असतं ना, तसंच."

आत चुलीवरचं दूध उतू गेलं. आत्याबाईंच्या हातून दूध उतू गेलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी लाखोळीची भाजी निवडता निवडता त्यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना दाराकडे पाहत होत्या, मामाजी शेतावर गेले होते तरी.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. त्यांच्या सासूबाई चंद्रभागाबाई सानगडीला लग्नाला गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परतणार होत्या. इकडे घरी पाहुणे आले. नव्या सुनेनं हौसेनं सगळ्यांना दही वाढलं, गाडगं रिकामं झालं, आणि नव्या नवरीच्या उत्साहात तिनं ते घासून, धुऊन उन्हात पालथं घातलं. संध्याकाळी दूध कोमट करून गाडगं हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं की लावायला विरजणच नाही. ती वाटी घेऊन शेजारी धावली. दिवे लागले होते. एका दारानं सांगितलं उद्या ये, दुसऱ्या दारानंही तेच सांगितलं. सासूचं शंभर वर्षांचं विरजण आपण मोरीत घातलं, या भीतीनं ती बोडीच्या काठाशी येऊन रडत बसली.

तिथे पलीकडची मालन पाणी घेऊन चालली होती. तीही नवीच लग्न होऊन आलेली. रोवण्याला दोघी शेजारी शेजारी वाकलेल्या, त्यामुळे ओळख होती. मालन म्हणाली, "माह्या घरी चाल. माह्या सासऱ्यानं छप्पनसाली नागपूरले दीक्षा घेतली, तवापासून आमच्याकडे हे दिवेलागनीचं कोनी पाळत नाही."

"मंग गेली," आत्याबाई मला म्हणाल्या. "पदराखाली वाटी झाकून गेली अन् आनलं. सकाळी सासूनं चाखलं अन् म्हने, आज बरं जमलं वो."

"आणि जुनं?"

"जुनं कुठून येते? तवापासून हेच आहे."

मी हिशेब जुळवला. मामाजींनी ट्रॅक्टरवर मांडीवर धरलेलं गाडगं मालनबाईंचं. आमची सगळी ओळ आमच्याकडून नेते, म्हणजे सगळी ओळ मालनबाईंचं दही खाते. मला हसू आवरेना. भाजीची टोपली सांडली.

"हासतेस काहून?" आत्याबाई चिडल्या. "तुले मजा वाटून राहिली. ह्या मानसाले समजलं तर माह्यासंग बोलनं टाकून देईल."

त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मामाजी कधी हात उगारत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. ते बोलणं बंद करतात. सख्ख्या भावाशी बांधावरून बिनसलं, ते भाऊ जाईपर्यंत बोलले नाहीत. मग तिरडीपाशी लहान मुलासारखे रडले.

"या वयात तो बोलला नाही त् मी बोलू कोनासंग?" आत्याबाई म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याले मोबाईल पायजे, तुले शिलाई मशीन. माह्यासंग बोलनारा तोच एक आहे."

माझा नवरा पिंटू खरंच दिवसभर मोबाईलमध्ये असतो. मी एवढंच म्हटलं, "दह्यावर काय नाव लिहून राहते का आत्याबाई? काही समजत नाही त्यांना." त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून मामाजींच्या पानात दही वाढताना त्यांचा हात थोडा थांबायचा. मी पाहत होते.

एप्रिलमध्ये मॅडम आणि सर परत आले. जिथून नमुने नेले तिथे निष्कर्ष आधी सांगायचे, असा त्यांचा नियम होता. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंखे लावले, भिंतीवर पांढरी चादर टांगली. आमच्याकडचे डाव्या बाजूला बसले, पलीकडचे उजव्या बाजूला. कोणी सांगितलं नव्हतं, बसताना आपोआपच तसं झालं. मालनबाई पुढेच होत्या, शेजारी त्यांचा मुलगा प्रफुल्ल, कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच. आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

सरांनी आधी माणसांचं सांगितलं. कोणत्याही घराचं नाव घेतलं नाही. चादरीवर डावीकडे गोल होते, उजवीकडे त्रिकोण. गोल म्हणजे रस्त्याअलीकडची घरं, त्रिकोण म्हणजे पलीकडची. विरजण कोणाला देतो, कोणाकडून आणतो, याच्या रेघा गोलांतून गोलांकडे जात होत्या आणि त्रिकोणांतून त्रिकोणांकडे. मधून एकही रेघ जात नव्हती. मामाजींनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

मग मॅडम उठल्या. "आता हेच चित्र दह्यानं सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या दह्यात एकाच वंशाचे जिवाणू सापडले, त्या घरांना एक रंग दिलाय. दुसऱ्या गावांत बहुतेक प्रत्येक मोहल्ल्याचा रंग वेगळा निघाला."

चित्र बदललं. गोल हिरवे, त्रिकोणही हिरवे. सगळं गाव एका रंगाचं. कडेला एक-दोन गोल तेवढे पांढरे होते.

"हे पांढरे कोन जी?" तुलाराम किराणावाल्यानं विचारलं.

"त्यांच्या घरचं दही पाकिटातलं आहे."

तुलाराम दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या म्हशीच्या दह्याचं कौतुक ऐकवतो. त्याची बायको भावना एकदम पदर तोंडाला लावून खाली पाहू लागली. सभागृहात हशा पिकला. पण तो लवकर विरला, कारण हिरव्या रंगाचा अर्थ लोकांच्या हळूहळू ध्यानात येत होता.

"म्हणजे हे इकडून तिकडे गेलं, का तिकडून इकडे आलं?" कोणीतरी विचारलं.

"ते दही सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "नातं आहे, एवढं नक्की. कोणी कोणाला दिलं, ते माणसांनीच सांगायचं."

मामाजी उभे राहिले. मला त्यांची ती उभं राहायची पद्धत ठाऊक आहे, गोष्ट येणार असली की ते तसेच उभे राहतात.

"त्यात विचारायचं काय आहे?" ते म्हणाले. "इरजन माह्या आजीचं. माह्या मायनं कधी देलं असंल त्यांच्याकडच्या कोनाले. दयाळू होती. ते भांडं खाली ठेवत असतीन, माय वरून टाकत असंल. वरून टाकलं त् बाटत नाही. आमच्या घरानं कधी कोनाले नाही म्हनलं नाही."

ते हे चांगल्या भावनेनं बोलले. हेच मला जास्त लागलं. गावाला मोठेपणा द्यावा, अशा आवाजात ते वरून टाकण्याची गोष्ट सांगत होते.

प्रफुल्ल ताडकन उठला. "काका, आमची माय कोनाच्या दारात भांडं ठेवाले गेली नाही."

मालनबाईंनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.  फक्त मान वळवून त्यांनी एकदा आत्याबाईंकडे पाहिलं आणि परत चादरीकडे पाहू लागल्या. त्या नजरेत राग नव्हता, मागणंही नव्हतं. चाळीस वर्षं गप्प राहिलेली बाई आणखी एक दिवस गप्प राहायला तयार होती.

माझ्या मनगटावरचा हात सुटला. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मालनबाईनं नाही नेलं जी," त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "मी आनलं. तिच्या घरून. तुमच्या आजीचं इरजन मी लग्नाच्या सालीच गाडगं धुवून मोरीत टाकलं. आपल्या ओळीत कोनी देलं नाही, दिवे लागले म्हने. तिनं देलं. तवापासून बिघडलं त् तिच्याकडूनच आनते. तिनं कधी वरून टाकलं नाही. माही वाटी हातात घेऊन भरून देली."

 सर काहीतरी लिहायला लागले, मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवून थांबवलं. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि ते सभागृहातून निघून गेले.

पुढचे दिवस आत्याबाई ज्याला भीत होत्या तसेच गेले. मामाजी बोलेनात. माझ्याशी बोलत, पिंटूशी बोलत, म्हशीशीसुद्धा बोलत. आत्याबाईंना मात्र निरोप माझ्यातर्फे मिळायचा, त्या समोर उभ्या असल्या तरी. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पानातलं दही त्यांनी बाजूला सारलं आणि म्हणाले, "मोना, सांग, मले नोको." आमच्या ओळीत काहींनी गाडगी रिकामी केली. काहींनी दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि मग मुकाट्यानं तेच दही खाल्लं. तुलारामच्या दुकानातली पाकिटं मात्र खपली.

आत्याबाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी दही लावणं बंद केलं. गाडगं घासलं, धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. या वेळी जाणूनबुजून. दुपारचं काम आटोपलं की त्या रस्ता ओलांडून मालनबाईंच्या ओसरीवर जाऊन बसू लागल्या, भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बोलायला माणूस नाही म्हणत होत्या, तो त्यांना रस्त्यापलीकडे होताच.

मे महिन्यात ऊन असं तापलं की भात घशाखाली उतरेना. पिंटूनं पाकिटाचं दही आणलं होतं. मामाजींनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"जुनं लाव," ते म्हणाले.

माझ्याकडे न पाहता म्हणाले. आत्याबाईंकडे पाहून. इतक्या दिवसांनी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंच्या आलं नाही.

"इरजन सरलं," त्या म्हणाल्या.

"कोनाकडून आन."

"कोनाकडूनही आनलं त् तिचंच आहे. मंग जिचं आहे तिच्याकडूनच आना. मी चाळीस वर्षं आनलं, आता तुमची पारी."

मामाजी दुपारभर बाजेवर पडून राहिले. उन्हं उतरली, दिवे लागले, रस्त्यावरची माणसं घरोघर गेली, तेव्हा ते उठले. स्टीलची वाटी घेतली, तिच्यावर दुपट्टा टाकला आणि मला म्हणाले, "मोना, चाल बरं संगं." मी गेले. दिवे लागल्यावर वाटी कोणाच्या नजरेला पडणार नाही, हा त्यांचा हिशेब मला समजला होता. मनात फार कडू झालं.

मालनबाई ओसरीवर वाळलेली मोहाची फुलं टोपलीत भरत होत्या. आत दिवा होता, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. "या वासुदेवभाऊ," त्या म्हणाल्या. "बस वो मोना." मामाजी बसले नाहीत. दुपट्टा बाजूला केला आणि रिकामी वाटी पुढे धरली. 

मालनबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग अंधाराकडे.

"दिवे लागले न भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे पाळत नाहीत, पन तुमच्याकडे पाळतात. तुमच्या घरची बरकत कायले घालवू? उद्या सकाळी या. उजेडात."

दारातून मला आतलं भरलेलं गाडगं दिसत होतं. मामाजींनाही दिसलं असणार. त्यांनी हात मागे घेतला. मग वाटी दुपट्ट्याखाली घेऊन परत निघाले. घरी आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मामाजींच्या ताटात भात वाढला, वर तेल आणि चटणी घातली, आणि ते जेवले.

सकाळी मामाजींनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. दुपट्टा खुंटीवरच राहू दिला. लाखांदूरच्या बसची वेळ होती, रस्त्यावर दोन्हीकडची माणसं उभी होती. मी दारातून पाहत होते, मग राहवलं नाही, त्यांच्या मागोमाग गेले.

"कुठं निघाले जी, वाटी घेऊन?" तुलारामनं विचारलं.

"इरजन आनाले," मामाजी म्हणाले. "मालनबाईच्या घरी."

 मामाजींनी रस्ता ओलांडला. मालनबाई ओसरीवर त्यांची वाट पाहत असल्यासारख्या उभ्या होत्या, गाडगं बाहेर आणून ठेवलं होतं. त्यांनी पळीत दही घेतलं आणि थांबल्या.

"वरून टाकू, का वाटी हातात घेऊन देऊ?"

बससाठी उभी असलेली सगळी माणसं ऐकत होती. मामाजींची मान खाली गेली. मग त्यांनी वाटी पुढे केली आणि मालनबाईंच्या हातात दिली.

"हातात घेऊन द्या," ते म्हणाले. "माह्या बाईले देली तशीच."

आम्ही परत आलो तेव्हा आत्याबाईंनी दूध कोमट करून ठेवलं होतं.